जन गण मन आणि एक माफीनामा

आमच्या वस्तीतल्या एका पोराला शाळेतून बाहेर काढलं. नववीतला पोरगा. कायमचं नाही, पण माफीनामा लिहून आण, मग वर्गात बस, असं सांगून. गुन्हा काय, तर सकाळच्या रांगेत सावधान उभा राहिला, पण राष्ट्रगीत म्हणलं नाही. सरांनी विचारलं, तोंड का बंद? पोरगं म्हणलं, हे गाणं इंग्रजांच्या राजासाठी लिहिलंय, मी म्हणणार नाही. सरांनी कानाखाली काढली. वर चार पोरांदेखत म्हणाले, तुम्हा लोकांना देशाचं काय पडलंय, तुम्हाला नुसत्या सवलती पाहिजेत.

संध्याकाळी त्याची आई विहारात आली. मी तिथं पोरांचा अभ्यास घेतो, दुसरी पाळी नसेल त्या आठवड्यात. म्हणाली, "भाऊ, तुमचं अक्षर चांगलं हाय. एवढा कागद लिहून द्या. काय बी लिवा, पण पोराचं वर्ष जाऊ देऊ नका."

पाच मिनिटांचं काम होतं. माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, क्षमा असावी. असे कागद आपल्या बापजाद्यांनी आयुष्यभर अंगठे उठवून दिले. पण पेन हातात घेतलं आणि अडलो. क्षमा कशाची? गप्प राहिल्याची, का बोलल्याची? आणि त्या सरांच्या वाक्याचं काय?

आणखी एक गोष्ट टोचत होती, ती आधी कबूल करतो. पोराच्या डोक्यात ही राजाची गोष्ट घातली कोणी? आपणच. मागच्या जयंतीला आपल्याच स्टेजवरून एका वक्त्यानं ती ठोकून सांगितली होती आणि पुढच्या रांगेत बसून टाळी वाजवणाऱ्यांत मी होतो. टाळी वाजवली, तपासलं काहीच नाही. म्हणून त्या माउलीला म्हणलं, ताई, आठ दिवस थांबा. पाळी सुटली की नगरवाचनालयात बसलो. मी दहावीच्या पुढं शिकलेलो नाही, इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचावं लागतं. पण वाचलं. आणि रोज संध्याकाळी जेवढं कळलं तेवढं पोरांना सांगितलं. तेच इथं लिहितोय.

मित्रांनो, साल १९११. बारा डिसेंबरला दिल्लीत पाचव्या जॉर्जचा दरबार भरला. तिथं त्यानं बंगालची १९०५ सालची फाळणी रद्द केल्याचं जाहीर केलं आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवली. पंधरा दिवसांनी कलकत्त्यात काँग्रेसचं अधिवेशन होतं. फाळणी रद्द झाल्यामुळं त्या वेळची काँग्रेस राजावर खूष होती. हे लपवायचं कारण नाही. तेव्हाची काँग्रेस म्हणजे वकील-जमीनदारांची सभा, राजनिष्ठेचे ठराव ती करायचीच. २७ डिसेंबरला, अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, सुरुवातीला रवींद्रनाथ टागोरांचं हे बंगाली गाणं म्हणलं गेलं. मग राजाच्या स्वागताचा ठराव झाला. त्यानंतर राजाची स्तुती करणारं एक हिंदी गाणं झालं, ते रामभुज चौधरींचं. म्हणजे एका दिवशी, एका मांडवात, दोन गाणी. दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या इंग्रज मालकीच्या पेपरांनी, 'स्टेट्समन' आणि 'इंग्लिशमन'नं, दोन्ही गाण्यांचा काला केला आणि छापलं की टागोरांनी सम्राटासाठी गाणं लिहिलं. बंगाली माणसांच्या पेपरांनी दोन गाणी दोन म्हणून नीट सांगितली होती. पण खोटं पुढं गेलं आणि खरं मागं राहिलं. शंभर वर्षं होऊन गेली, अजून ते हिंडतंय आणि आपल्या जयंतीच्या स्टेजपर्यंत येऊन पोचलं.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१२ मध्ये, हे गाणं 'तत्त्वबोधिनी पत्रिके'त 'भारतभाग्यविधाता' या नावानं छापून आलं. ही पत्रिका ब्राह्मो समाजाची. गाण्यावर शिक्का ब्रह्मसंगीताचा, म्हणजे उपासनेच्या गाण्याचा. राजाच्या स्वागताचं गाणं कोणी उपासनेच्या वहीत घालत नाही.

मग खुद्द कवी काय म्हणतो? १९३७ साली 'वंदे मातरम्'वरून वाद पेटला होता. त्या कादंबरीतलं गाणं, पुढच्या कडव्यांत देवी. मुसलमान म्हणाले हे आम्ही कसं म्हणावं. काँग्रेसनं पहिली दोनच कडवी ठेवली. त्याच सुमारास, नोव्हेंबरमध्ये, टागोरांनी पुलिनबिहारी सेन यांना पत्र लिहिलं. त्यातला मतलब असा, की सरकार दरबारातल्या एका ओळखीच्या माणसानं राजासाठी गाणं लिहा म्हणून गळ घातली होती. त्याचा राग आला, आणि त्या रागातून भारताच्या भाग्यविधात्याचं गाणं निघालं. युगानुयुगं रथ हाकणारा तो सारथी कुठलाही जॉर्ज असू शकत नाही, पाचवा नाही का सहावा नाही, हे गळ घालणाऱ्यालाही कळलं होतं.

पोरांना मी पत्रावर विश्वास ठेवा म्हणलं नाही. माणूस पंचवीस वर्षांनी स्वतःबद्दल चांगलंच लिहिणार. म्हणलं, गाणं तपासू. आपण शाळेत म्हणतो ते फक्त पहिलं कडवं. बावन्न सेकंदात संपतं. मूळ गाण्याला पाच कडवी आहेत. तिसऱ्या कडव्यात तो युगायुगांच्या वाटसरूंचा सारथी आहे. चौथ्या कडव्यात, अंधाऱ्या रात्री आजारी देशाला मांडीवर घेणारी आई आहे. इथं सातवीतली एक पोरगी पटकन म्हणाली, "दादा, राजा असता तर त्याला आई कसं म्हणलं असतं?" वाचनालयात मला तीन दिवस लागले ते तिला तीन सेकंदात कळलं.

आणि दुसरं कडवं. ते वाचलं तेव्हा मी वाचनालयाच्या बाकावर सरळ होऊन बसलो. त्यात धर्मांची नावं आहेत. हिंदू, मग लगेच बौद्ध, मग शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती. १९११ सालचं गाणं आहे हे. बाबासाहेबांच्या दीक्षेआधी पंचेचाळीस वर्षं. तेव्हा बंगालात चितगावच्या बाजूला बौद्ध होते, आपल्याकडं लेणी होती आणि वटवाघळं होती. गाणं लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं आपण नव्हतो, हे साफ आहे. तरी शब्द तिथं आहे. आणि नेमकं तेच कडवं शाळेत शिकवत नाहीत. मी ते पोरांना बंगालीतून म्हणून दाखवायचा प्रयत्न केला, उच्चारांचा खिमा झाला, पोरं हसली.

तिसऱ्या संध्याकाळी शब्द घेतले. जन म्हणजे माणसं. गण म्हणजे समूह. अधिनायक म्हणजे पुढारी, नेणारा. पहिल्या कडव्यात मुलखांची सात नावं, दोन डोंगर, दोन नद्या आणि समुद्र. मी नावं फळ्यावर लिहीत होतो, मागून एक आवाज आला, "दादा, मराठा म्हणजे पाटलाची पोरं का?"

हसण्यावारी नेऊ नका. गावकीत मार खाल्लेल्या घरातलं पोरगं आहे ते. रोज सकाळी मैदानात उभं राहून ते पोरगं हा शब्द म्हणतं आणि त्याला वाटतं की देशाच्या गाण्यात गावच्या पाटलाचं नाव आहे, आपलं नाही. कुठल्या सरांनी आजपर्यंत त्याला सांगितलं नाही की बंगाली माणूस मराठा म्हणतो तेव्हा त्याला जात म्हणायची नसते, मराठी मुलूख आणि मराठी बोलणारा माणूस म्हणायचा असतो. त्यात पाटील आला, तसा तराळही आला. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट न दिल्यामुळं एका पोराचा देश हिरावला जातो.

या नावांत आणखी एक गंमत आहे. १९११ मध्ये नकाशावर महाराष्ट्र नव्हता. गुजरात प्रांत नव्हता. दोन्ही राज्यं झाली १९६० ला. उत्कल, म्हणजे ओरिसा, वेगळा प्रांत झाला १९३६ ला. सिंध तर तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, तोही १९३६ ला सुटला. आणि बंगालचे दोन तुकडे सांधायची घोषणा नुकती झालेली. म्हणजे या माणसानं सरकारचे प्रांत मोजले नाहीत, त्यानं भाषा बोलणारी माणसं मोजली. म्हणून सिंध पाकिस्तानात गेला तरी गाण्यातलं नाव राहिलं. ते काढा म्हणून एकजण सुप्रीम कोर्टात गेला होता. २००५ मध्ये कोर्टानं अर्ज फेटाळला. उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन बघा, सिंध कुठं गेला ते कळेल. आसाम नाही, काश्मीर नाही, हेही पोरांनी काढलं. खरंय. सगळ्यांची नावं गाण्यात बसत नाहीत. पण कोणाची बसतात आणि कोणाची राहतात, हे विचारायची सवय पोरांना लागली तर वाईट नाही.

आता टागोर माणूस म्हणून कोण, हेही सांगितलं. पूजा कोणाचीच बांधायची नाही. जमीनदाराच्या घरातला. पण १९१० सालच्या बंगाली गीतांजलीत त्याची एक कविता आहे. देशाला उद्देशून तो म्हणतो, की ज्यांना तू माणूस म्हणून जवळ येऊ दिलं नाहीस, त्यांच्याच बरोबरीनं तुला एक दिवस अपमान सोसावा लागेल. राष्ट्रगीताच्या आदल्या वर्षीची ही कविता. १९३३ मध्ये त्यानं 'चंडालिका' लिहिली, बौद्ध कथेवरून. भिक्खू आनंद एका अस्पृश्य मुलीच्या हातचं पाणी पितो, ती गोष्ट. हे झालं जमेला. आणि खर्चाला? सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला, गांधींनी येरवड्यात उपास सोडला, तेव्हा टागोर तिथं हजर होता. पुढच्याच वर्षी त्याला वाटू लागलं की या करारानं बंगालवर अन्याय झाला, आपण घाईत पाठिंबा दिला. बंगालच्या कायदेमंडळात आपल्या माणसांना तीस जागा मिळणार होत्या. पाणी पाजणं वेगळं आणि जागा सोडणं वेगळं, हे एवढ्या मोठ्या कवीलाही जड गेलं. दोन्ही पोरांसमोर ठेवलं. एकानं विचारलं, मग चांगला का वाईट? म्हणलं, वहीत दोन्ही लिही.

गाणं राष्ट्रगीत कसं झालं ते पटकन सांगतो. मदनपल्लीला १९१९ मध्ये टागोरांनीच त्याचं इंग्रजी केलं, तिथंच मार्गारेट कझिन्स बाईंनी चालीचं स्वरलेखन केलं. १९४२ मध्ये सुभाषबाबूंच्या लोकांनी जर्मनीत, हॅम्बुर्गला ते वाजवलं. आझाद हिंद सेनेनं हिंदुस्थानीत शब्द बदलून घेतलं, त्याला चाल लावणारे राम सिंग ठाकुरी. १९४७ मध्ये अमेरिकेत युनोच्या सभेवेळी आपल्या मंडळींकडं राष्ट्रगीत मागितलं, तर हाताशी या गाण्याची रेकॉर्ड होती, तीच दिली. परक्या बँडवाल्यांनी वाजवली, लोकांना आवडली. मग नेहरूंनी प्रांतांच्या गव्हर्नरांना विचारलं. असं ते हळूहळू ठरत गेलं.

आणि घटनासमितीत? मला वाटायचं मोठी चर्चा झाली असेल, मतं पडली असतील. काही नाही. २४ जानेवारी १९५०. सभासद घटनेच्या प्रतींवर सह्या करायला जमले होते. अध्यक्ष राजेंद्र प्रसादांनी निवेदन वाचलं की जन गण मन हे राष्ट्रगीत, सरकारला त्याच्या शब्दांत गरजेप्रमाणं बदल करता येईल, आणि वंदे मातरम्‌ला त्याच्या बरोबरीचा मान. टाळ्या. ठराव नाही, मतदान नाही. मूळ घटनेच्या कलमांत राष्ट्रगीत हा शब्दसुद्धा नव्हता. तो आला १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं, मूलभूत कर्तव्यांत. आणीबाणीत. जेव्हा अर्धा देश गप्प बसवला होता, तेव्हा गाण्याचा आदर करण्याचं कर्तव्य घटनेत लिहिलं गेलं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, तारीख म्हणून लिहितो.

त्या जानेवारीच्या बरोबर साठ दिवस आधी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, त्याच सभागृहात बाबासाहेब बोलले होते. आपण ते भाषण विरोधाभासाच्या जीवनापुरतं पाठ केलंय. राजकारणात समता आणि समाजात विषमता, तेवढंच. त्याच्या पुढचं वाचा. ते म्हणाले, की एके काळी इथल्या राजकारणी लोकांना 'भारताचे लोक' म्हणलेलं आवडायचं नाही, 'भारतीय राष्ट्र' म्हणा असा त्यांचा आग्रह असायचा. पण हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असतील? आपण अजून राष्ट्र नाही हे जितक्या लवकर कळेल तितकं बरं. आणि जाती राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या माणसाला माणसापासून तोडतात. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाचीही आठवण दिली. बसायची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान, हे सगळं संघाला माहीत होतं आणि ते त्या काळच्या गणराज्यांतून आलेलं असणार, असं ते म्हणाले. टागोरांच्या गाण्यात गण म्हणजे साधा समूह आहे, त्यात गणराज्य शोधायला जाऊ नये. पण पोरांना मी दोन्ही अर्थ सांगितले. शब्द एकाच्या मालकीचा नसतो.

भाग्यविधाता शब्दाशी मात्र आमचं अडलं. एकजण म्हणाला, दादा, आपण नशीब मानत नाही, बावीस प्रतिज्ञा रोज म्हणतो, मग विधात्याचा जय कसा म्हणायचा? माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. मी स्वतः राष्ट्रगीत म्हणतो, आवडीनं म्हणतो. गिरणीत पंधरा ऑगस्टला तिसरी पाळी करून, रिंग खात्यातली रुई डोक्यावर घेऊन उभा राहतो. झेंडा साहेब चढवतात, नंतर पेढे वाटतात, कायम कामगारांना दोन आणि बदलीवाल्यांना एक. तेव्हाही म्हणतो. त्या शब्दापाशी आवाज जरा खाली जातो, एवढंच.

पाचव्या संध्याकाळी कायदा. १९७१ च्या कायद्यात शिक्षा आहे, तीन वर्षांपर्यंत. कोणाला? मुद्दाम दुसऱ्याला गाण्यापासून रोखणाऱ्याला, किंवा गाणाऱ्या सभेत गोंधळ घालणाऱ्याला. गप्प उभं राहणाऱ्याला नाही. केरळात १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं, बिजो, बिनू मोल आणि बिंदू इमॅन्युएल. दहावी, नववी आणि पाचवी. यहोवाचे साक्षीदार नावाच्या ख्रिस्ती पंथातली. उभी राहायची, पण धर्म परवानगी देत नाही म्हणून गायची नाहीत. हायकोर्टातही हरली. सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट १९८६ ला निकाल दिला, न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी आणि दत्त: गायलाच पाहिजे असा कायदा नाही, आदरानं उभं राहणं हा मानच आहे, पोरांना परत घ्या. सिनेमाघरांचंही तसंच झालं. २०१६ मध्ये कोर्टानं सक्ती केली, २०१८ च्या जानेवारीत स्वतःच मागं घेतली.

मग त्या पोराला जवळ बसवलं. त्याच्यात आणि त्या केरळच्या पोरांत एक फरक आहे, तो त्याला सांगितला. त्यांचं कारण त्यांच्या श्रद्धेचं होतं. तुझं कारण चुकीच्या माहितीचं होतं. गप्प राहायचा हक्क तुला आहेच, पण खोट्यावर गप्प राहिलास. पोरगं रडवेलं झालं. म्हणलं, "मग मी हरलो का दादा?" म्हणलं, पेन घे.

कागद त्यानंच लिहिला, मी शुद्धलेखन तपासलं. तीन गोष्टी. एक, हे गाणं राजासाठी लिहिलंय असं मी म्हणालो, ते चूक होतं, मी आता वाचलं आहे, याबद्दल दिलगीर आहे. दोन, मी रांगेत सावधान उभा होतो, तो गुन्हा नाही, आणि खाली १९८६ च्या निकालाची तारीख. तीन, सरांनी माझ्या जातीबद्दल सर्वांसमोर जे म्हटलं, त्याबद्दल त्यांनीही दिलगिरी द्यावी अशी विनंती. तिसरं वाक्य काढून टाक असं त्याची आई म्हणत होती. माझ्याकडं बघत होती, की मी काढायला सांगेन. मी जमिनीकडं बघत बसलो. पोरानं ते ठेवलं.

मुख्याध्यापकांनी कागद दोनदा वाचला. कोणी शिकवलं हे, असं विचारलं. पोरगं म्हणलं, विहारात अभ्यास असतो. कागद ड्रॉवरमध्ये गेला. उद्यापासून बस, म्हणाले. तिसऱ्या मुद्द्यावर एक शब्द नाही. आजपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुटली आणि सायकल शाळेकडं वळवली. कंपाउंडच्या बाहेर थांबलो. माझी आई अशाच एका शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहायची, सव्वीस जानेवारीला. पहाटे मैदान झाडून द्यायची, मग आत यायला कोणी सांगायचं नाही, म्हणून झाडू भिंतीला टेकवून तिथंच सावधान. आत मी असायचो. घंटा झाली, गाणं सुरू झालं. मी पायडलवरचा पाय खाली घेतला. तीन-चारशे पोरांचा आवाज. त्यात आमच्या पोराचा होता की नव्हता ते कळलं नाही. संध्याकाळी तो अभ्यासाला आला, गणिताची वही उघडून बसला. मी विचारलं नाही.